चादर पसरण्याआधी

जुम्याची नमाज आटोपून लोक बाहेर पडतात, तेव्हा मशिदीच्या दाराशी कधी कधी एक चादर पसरलेली असते. इमाम साहेबांनी दोन वाक्यांत सांगितलेले असते की अमुक मोहल्ल्यातल्या एका भावाचे ऑपरेशन आहे, ज्याला जमेल त्याने मदत करावी. कोणी दहा टाकतो, कोणी पाचशे. देणाऱ्याचे नाव कोणी विचारत नाही, लिहीत नाही. या चादरीचा आम्हाला अभिमान वाटतो, हे आधीच सांगून टाकतो. पुढे जे लिहिणार आहोत त्यावरून कोणी आम्हाला चादरीचे विरोधक समजू नये.

आम्ही राहतो नंदाखालला आणि शिकवतो नालासोपाऱ्यात. गेल्या पावसाळ्यात आमच्या सातवीच्या वर्गातली एक मुलगी बारा दिवस शाळेत आली नाही. तिचे वडील रिक्षा चालवतात. रात्री छातीत कळ आली, घरच्यांनी जे रुग्णालय जवळ दिसले तिथे नेले. रक्तवाहिनीत अडथळा निघाला, अँजिओप्लास्टी करावी लागली. खर्च दोन लाखांच्या वर. घरात चाळीस हजार होते, भाभींच्या बांगड्या गेल्या, उरलेले चादरीतून आणि जमातीच्या बैतुलमालमधून उभे राहिले. जुम्याहून आलेल्या घरच्या मंडळींनी आम्हालाही सांगितले, आम्हीही जमेल ते पाठवले. अल्हम्दुलिल्लाह, माणूस बरा झाला. मुलगी वर्गात परत आली आणि सगळे विसरले.

महिनाभराने शिष्यवृत्तीचे अर्ज भरायचे होते. मुलीने कागदांची पिशवी आणली. त्यात शिधापत्रिका होती, केशरी. आम्ही भाभींना शाळेत बोलावले आणि विचारले, "हे कार्ड दवाखान्यात दाखवलं होतं का?"

"ते कशाला, टीचर? ते तर रेशनचं आहे."

केशरी शिधापत्रिका असलेल्या कुटुंबाला अँजिओप्लास्टी महाराष्ट्रात विनामूल्य मिळू शकते, आणि ही गोष्ट काल-परवाची नाही. २ जुलै २०१२ ला राज्यातल्या आठ जिल्ह्यांत राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना सुरू झाली, २०१३ च्या नोव्हेंबरात ती राज्यभर लागू झाली. २०१७ मध्ये तिचे नाव महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना झाले. हृदयाचे उपचार तिच्या यादीत अगदी पहिल्यापासून आहेत. म्हणजे ज्या पैशासाठी आम्ही चादर पसरली, तो शासन द्यायला बांधलेले होते. फक्त त्या रात्री जे रुग्णालय जवळ दिसले ते योजनेतले नव्हते, आणि योजनेतले कोणते, हे घरात, शेजारात, जमातीत, शाळेत कोणालाच ठाऊक नव्हते. शाळेत म्हणजे आम्हालाही नव्हते. दोन-दोन भाषा शिकवतो आम्ही.

याचा भुर्दंड दुसऱ्याच कोणाला पडला. आमच्या जमातीची बैतुलमाल रमजानमध्ये भरते आणि पुढच्या रमजानपर्यंत पुरवायची असते. त्यातून एका बेवा खालांना महिन्याला दोन हजार जात. त्यांचे डायलिसिस योजनेतून विनामूल्य होते, पण आठवड्यातून दोनदा जायचे-यायचे, रिक्षा, गाडी, सोबतीला येणाऱ्या मुलाचा बुडालेला रोज, याला कोणती योजना पैसे देत नाही. त्या महिन्यात द्यायला पैसे नव्हते. खालांच्या दोन पाळ्या चुकल्या. पाय सुजले, दम लागू लागला, मग धावाधाव. पुढे सगळे सावरले. पण त्या दिवसापासून आमच्या मनात हिशेब पक्का बसला आहे. जे शासनाकडून हक्काने मिळते ते चादरीतून भरले, तर जे फक्त चादरीतूनच मिळू शकते त्याला पैसे उरत नाहीत.

म्हणून आज थोडे रुक्ष लिहायचे आहे. वाचकांनी कंटाळू नये, पेन घेऊन बसावे.

२०२३ च्या जुलैमधल्या शासन निर्णयाने या योजनेचा विस्तार झाला आणि तो २०२४ च्या जुलैपासून लागू झाला. आता पिवळी, केशरी, अंत्योदय इतकीच नव्हे, पांढरी शिधापत्रिकाही चालते. कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंतचे संरक्षण आहे; घरातल्या एकाने वापरा की सगळ्यांनी मिळून. विस्तारानंतर उपचारांची यादी १३५६ ची झाली. घरात सत्तरी ओलांडलेले अब्बा-अम्मी असतील, तर त्यांच्यासाठी केंद्राचे वय वंदना कार्ड ऑक्टोबर २०२४ पासून आहे. त्याला उत्पन्नाची अट नाही, आधार कार्ड पुरते.

योजना चालते ती ठरावीक रुग्णालयांत. त्यांना अंगीकृत रुग्णालये म्हणतात. अशा प्रत्येक ठिकाणी आरोग्यमित्र नावाचा माणूस बसवलेला असतो. आत गेल्यावर पहिला प्रश्न डॉक्टरांना नव्हे, त्याला विचारायचा. तातडीचा रुग्ण असेल तर फोनवरून परवानगी घेऊन उपचार सुरू करता येतात, कागद मागून देता येतात. तेव्हा "आधी कार्ड आणा, मग बघू" हे उत्तर ऐकून घ्यायचे नाही. योजनेची मदतवाहिनी १५५३८८ आहे. हा आकडा मुलांकडून पाठ करून घ्यावा. पाढे घेतोच की आपण.

आता आमच्या वर्गातला अनुभव. दरवर्षी प्रवेशाच्या वेळी आम्ही एकाच मुलीचे नाव तीन कागदांवर तीन तऱ्हेने लिहिलेले पाहतो. जन्मदाखल्यावर जैनब, आधारवर झैनब, शिधापत्रिकेवर जयनब. उर्दूतली अक्षरे मराठीत आणताना प्रत्येक कारकून आपापल्या कानाने लिहितो. मोहम्मद, महंमद, मो., यांची तर गणती नाही. शाळेत आम्ही समजून घेतो. रुग्णालयातला संगणक घेत नाही. दुसरी अडचण सुनांची. लग्नाला सहा वर्षे झाली, दोन मुले झाली, तरी नाव माहेरच्या शिधापत्रिकेवर. लहान मुलांची नावे तर घातलेलीच नसतात. योजनेत कुटुंब म्हणजे शिधापत्रिकेवरचे कुटुंब. हे काम आजाराच्या रात्री होत नाही. तहसील कचेरीत दोन-तीन खेपा घालूनच होते. एवढे केले तरी निम्मी लढाई आधीच झालेली असते.

उरलेली निम्मी खिडकीवर होते. आमच्या मोहल्ल्यातल्या एका आपांना मूतखड्याच्या शस्त्रक्रियेसाठी नेले, तेव्हा आम्ही सोबत होतो. रुग्णालय योजनेतले, कार्ड तयार, नाव जुळलेले. खिडकीवरचा मुलगा म्हणाला, "योजनेचे बेड भरलेत. पैसे भरून घ्यायचं असेल तर आजच दाखल करतो." आम्ही म्हटले, ठीक आहे, बेड नाहीत एवढे एका कागदावर लिहून द्या, खाली सही करा. तो लिहून देईना. आम्ही तिथेच बाकावर बसून १५५३८८ ला फोन लावला, तक्रार नोंदवली, तक्रारीचा क्रमांक लिहून घेतला. त्या दिवशी बेड मिळाला नाही, हे खरेच सांगतो. दुसऱ्या दिवशी दुपारी दुसऱ्या अंगीकृत रुग्णालयात मिळाला. एक रुपया लागला नाही. आपा वाटेत आम्हाला म्हणत होत्या, "टीचर, फुकटचं घेतो आणि वर भांडतो, बरं दिसतं का?"

हे वाक्य आम्हाला फार टोचले. आपण काडेपेटी घेतो, त्यावर जो कर भरतो त्यातूनच हे पैसे जातात. मुंबई ग्राहक पंचायत १९७५ पासून काम करते आहे. तिच्या सभासद बायका शेजारपाजारच्या घरांचे गट करून महिन्याचे वाणसामान एकत्र मागवतात आणि भेसळ, वजन, भाव यावर प्रश्न विचारतात. आपणही डाळीत खडा निघाला तर दुकानदाराला परत करतो. रुग्णालयाच्या खिडकीवर गेलो की मात्र हात जोडतो.

आता ज्यांनी पैसे भरून विमा घेतला आहे त्यांच्याकडे वळू. आमच्या शेजारच्या मावशी ख्रिस्ती, वाडीवाल्या. उमेदीच्या काळात पहाटेच्या गाडीने दादरला भाजी नेत. पंधरा वर्षांपासून नवरा-बायकोचा दोन लाखांचा मेडिक्लेम आहे. गेल्या वर्षी काकांचे प्रोस्टेटचे ऑपरेशन झाले, बिल आले १,४४,००० आणि कंपनीने दिले १,०६,०००. मावशी कागद घेऊन आमच्या ओट्यावर आल्या. "दोन लाखांचा विमा, बिल दीड लाखाच्या आत, मग माझे अडतीस हजार गेले कुठे?"

आम्ही कॅलेंडरच्या पाठीवर हिशेब मांडला. पॉलिसीत खोलीभाड्याची मर्यादा विम्याच्या दोन टक्के, म्हणजे रोज ४,०००. काकांना दिली होती ६,००० ची खोली, चार दिवस. मावशींना वाटले, फार तर आठ हजार खिशातून जातील. तसे होत नाही. खोली मर्यादेच्या दीडपट घेतली की डॉक्टर, शस्त्रक्रियागृह, भूल, शुश्रूषा हे खर्चही त्याच प्रमाणात कापले जातात. ते झाले होते ९०,०००, मंजूर झाले ६०,०००. भाड्याचे २४,००० पैकी १६,०००. औषधे आणि तपासण्यांचे ३०,००० मात्र पूर्ण मिळाले, कारण औषधे, तपासण्या आणि शरीरात बसवायची उपकरणे या प्रमाणात कापू नयेत असा नियामकाचा २०२० चा नियम आहे. हिशेब कंपनीच्या बाजूने बरोबर होता. मावशी म्हणाल्या, "खोली देताना एकाने तरी सांगितलं असतं, तर मी काकांना जनरलमध्ये ठेवलं नसतं?" याला आमच्यापाशी उत्तर नव्हते. पंधरा वर्षे हप्ता घेणाऱ्याला हे एकदाही सांगावेसे वाटले नाही, हे मात्र खरे.

तेव्हा पॉलिसी घरात असेल तर आज काढून तीन गोष्टी पाहाव्यात : खोलीभाड्याची मर्यादा किती, बिलातला वाटा स्वतः भरावा लागतो का आणि किती टक्के, आणि आधीपासूनच्या आजाराला किती महिने थांबायचे. पॉलिसीसोबत ग्राहक माहिती पत्रक मिळते, ते मराठीत मागता येते. मागाच. नवी पॉलिसी पटली नाही तर हातात आल्यापासून तीस दिवसांत परत करता येते.

विमा नियामक प्राधिकरणाने २०२४ मध्ये काही चांगले नियम केले. आधीच्या आजारासाठीची प्रतीक्षा चार वर्षांवरून जास्तीत जास्त तीन वर्षांवर आणली. विनारोकड उपचाराची परवानगी तासाभरात आणि घरी सोडतानाची अंतिम मंजुरी तीन तासांत द्यायची. त्याहून उशीर झाल्याने बिल वाढले तर वाढीव पैसे कंपनीने सोसायचे. घरी सोडायचे म्हटल्यावर संध्याकाळपर्यंत ताटकळलेल्यांना याचे मोल कळेल. साठीच्या पुढच्यांचा हप्ता प्राधिकरणाला विचारल्याशिवाय वर्षाला दहा टक्क्यांहून जास्त वाढवता येत नाही, हा जानेवारी २०२५ चा आदेश. आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा १८ टक्के जीएसटी शून्य झाला आहे. नूतनीकरणाच्या पावतीत तो दिसला, तर का लावला ते विचारावे. नव्याने, साधा आणि समजेल असा विमा हवा असेल तर 'आरोग्य संजीवनी' नावाची एकसारख्या अटींची पॉलिसी २०२० पासून सर्व सामान्य व आरोग्य विमा कंपन्यांना विकावी लागते. अटी सारख्याच, हप्ते वेगळे. त्यामुळे तुलना सोपी. तिच्यात पाच टक्के वाटा आपला असतो, तेवढे लक्षात ठेवावे.

आमच्या एका सहकारी शिक्षकांचा दावा मात्र सरळ नाकारला गेला. शस्त्रक्रिया पित्ताशयाची, आणि कारण दिले की रक्तदाब लपवला. अर्ज एजंटाने भरला होता, सगळ्या रकान्यांत 'नाही' लिहून. सरांनी न वाचता सही केली. मुलांना "प्रश्न नीट वाचा, मग उत्तर लिहा" सांगणारे आम्ही लोक! न लपवता सगळे सांगावे, हप्ता थोडा वाढला तरी. या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाचे जीवन विम्यातले निर्णयही दोन्हीकडचे आहेत. २०१५ मध्ये न सांगितलेल्या आजाराचा मृत्यूशी संबंध नाही म्हणून कुटुंबाला पैसे मिळाले. २०२० मधल्या निर्णयात सही करून माहिती दडवली म्हणून कंपनीची बाजू मान्य झाली. न्यायालयाच्या भरवशावर अर्ज भरू नये. मात्र पॉलिसी सलग पाच वर्षे चालली असेल, तर त्यानंतर सिद्ध झालेल्या फसवणुकीशिवाय 'लपवले' म्हणून दावा नाकारता येत नाही.

सरांनी आधी कंपनीच्या तक्रार विभागाला लिहिले. तिथून नकार आला, किंवा महिनाभर उत्तरच आले नाही, तर विमा लोकपालाकडे जाता येते. फी नाही, वकील लागत नाही. पन्नास लाखांपर्यंतची तक्रार चालते, आणि लोकपालाचा निवाडा कंपनीवर बंधनकारक असतो, आपल्यावर नाही. नकारानंतर वर्षाच्या आत जायचे, एवढीच घाई. पत्ता पॉलिसीच्या कागदांतच छापलेला असतो. जिल्हा ग्राहक आयोगाचा रस्ताही मोकळा आहे. २०१९ च्या कायद्याने आपण जिथे राहतो तिथेच तक्रार करता येते आणि भरलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही. सरांचे प्रकरण लोकपालाकडे आहे. निकाल काय लागेल ते आम्ही सांगू शकत नाही. सही त्यांचीच आहे.

काही वाचक विचारतील, विमा जायज आहे का? हा आमचा अधिकार नाही. व्याज आणि अनिश्चितता या कारणांनी उलमांची मते वेगवेगळी आहेत. मलेशियात तकाफुलचा कायदा १९८४ पासून आहे, आपल्याकडे तशी कंपनी नाही. ज्याने त्याने आपल्या विश्वासातल्या आलिमांना विचारावे. शासनाच्या योजनेत आपण हप्ताच भरत नाही, एवढी वस्तुस्थिती त्यांच्यासमोर ठेवावी. पुण्यात अन्नपूर्णा परिवाराने बचतगटांतल्या कष्टकरी बायकांचा परस्पर मदतीचा आरोग्य निधी चालवला आहे. बायका पैसे जमा करतात आणि दावे मंजूर करतानाही सभासद बायका बसतात. आमच्या जमातीने असे काही पाहून यावे, असे आम्ही सुचवले आहे. 'बघू' असे उत्तर आले. 'नाही' आले नाही.

योजनेत न बसणाऱ्यांसाठी आणखी एक दार आहे, आणि ते फारच कमी लोक ठोठावतात. धर्मादाय न्यासांच्या मोठ्या रुग्णालयांना उच्च न्यायालयाच्या २००६ च्या आदेशाने दहा टक्के खाटा निर्धनांसाठी विनामूल्य आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. उत्पन्न वर्षाला १,८०,००० पर्यंत असेल तर पहिल्या गटात, ३,६०,००० पर्यंत असेल तर दुसऱ्या. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला शिष्यवृत्तीसाठी काढतोच. त्याची एक प्रत जादा ठेवावी. तिथे समाजसेवा अधिकाऱ्यांना भेटायचे.

सगळे आपल्याच माथी मारायचे नाही. मधुमेहाच्या, रक्तदाबाच्या महिन्याच्या गोळ्या या योजनेत नाहीत, आणि गरीब घर खचते ते याच रोजच्या खर्चाने. शस्त्रक्रियेचे दर परवडत नाहीत, पैसे वेळेवर येत नाहीत, अशी रुग्णालयांची तक्रार असते. तिचा निवाडा शासनाने करावा, तिची शिक्षा खिडकीवर उभ्या असलेल्या बाईला कशाला? खाट नाकारली तर ती लेखी नाकारण्याची सक्ती हवी. आपल्या भागातल्या अंगीकृत रुग्णालयांची यादी, कोणत्या ठिकाणी कोणता उपचार यासह, प्रत्येक रेशन दुकानावर मराठीत आणि उर्दूत लावायला काय अडचण आहे? असे पत्र आम्ही लिहिले आहे. त्यावर आमच्या मोहल्ल्यातल्यांच्या सह्या आहेत, मावशींच्या चर्चमधल्या बायकांच्याही आहेत.

तोपर्यंत दर महिन्याच्या पहिल्या रविवारी शाळेच्या एका वर्गात आम्ही कागद तपासत बसतो. लोक शिधापत्रिका आणि आधार आणतात, आठवी-नववीच्या मुली नावे जुळवून पाहतात, चुकलेल्या नावांची यादी करतात. जमातीनेही एक नियम केला आहे : चादर पसरण्याआधी दोन माणसांनी रुग्णाची शिधापत्रिका पाहायची आणि आरोग्यमित्राला फोन करायचा. खालांचे दोन हजार पुन्हा सुरू झाले आहेत.

सातवीतल्या त्या मुलीचे वडील आता पुन्हा रिक्षा चालवतात, रात्रपाळी मात्र सोडली. सीटच्या मागे त्यांनी रंगाने मोठ्या अक्षरांत लिहून घेतले आहे, १५५३८८. प्रवासी विचारतात, भाई, तुमच्या मोबाईलचे बाकीचे आकडे कुठे गेले? मग स्टेशन येईपर्यंत ते सगळी हकीकत सांगतात.